बिंबाणु-ग्लायकोप्रथिन

बिंबाणु-ग्लायकोप्रथिन : रक्तातील बिंबाणूंच्या पृष्ठभागावर असणारे आणि जखमेच्या जागी बिंबाणूंना एकमेकांशी जोडणारे संयुक्त प्रथिन. बिंबाणूंच्या पृष्ठावर अनेक ग्लायकोप्रथिने (शर्करा-घटक जोडलेली प्रथिने) असली, तरी ‘ग्लायकोप्रथिन २ब–३अ’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रथिन संख्येने सर्वाधिक व कार्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याच्या शोधाचा इतिहास दिला आहे. प्रत्येक बिंबाणूच्या पृष्ठावर त्याचे सुमारे ८०,००० रेणू असतात. हे प्रथिन प्रथम ओळखले गेले ते त्याच्या अभावामुळे : ज्यांच्या रक्तात बिंबाणू पुरेसे होते, परंतु जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नव्हते, अशा रुग्णांच्या अभ्यासातून. पुढे हे प्रथिन औषधाने रोखण्याचा एक मार्ग सर्पविषाच्या अभ्यासातून सापडला आणि ते विष महाराष्ट्राच्या परिचयाच्या फुरशाचे होते. या दोन्ही कारणांमुळे या शोधाचा इतिहास महाराष्ट्रातील वाचकास व विशेषतः ग्रामीण भागातील वैद्यास उपयुक्त आहे.

पूर्वपीठिका : बिंबाणू हे अस्थिमज्जेतील महाकाय कोशिकांपासून तुटून निघालेले, केंद्रक नसलेले, २ ते ४ मायक्रोमीटर व्यासाचे कण असतात. निरोगी माणसाच्या दर घन मिमी. रक्तात ते दीड ते चार लाख असतात व सात ते दहा दिवस टिकतात. त्यांच्या या सूक्ष्म आकारामुळे ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. जर्मन शास्त्रज्ञ माक्स शुल्ट्से यांनी १८६५ मध्ये व विल्यम ऑस्लर यांनी १८७४ मध्ये रक्तातील अशा कणांचे वर्णन केले. परंतु ते रक्ताचे स्वतंत्र घटक आहेत आणि दुखावलेल्या रक्तवाहिनीच्या भित्तीला ते प्रथम चिकटतात, हे तूरिन येथील जूल्यो बित्सोत्सेरो यांनी १८८१-८२ च्या सुमारास दाखवून दिले. जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता.

असे असूनही पुढील अर्धशतकात संशोधकांचे लक्ष मुख्यतः रक्तद्रवाकडे राहिले. पाउल मोराव्हिट्स यांनी १९०५ मध्ये रक्तक्लथनाची (रक्त साकळण्याच्या क्रियेची) जी उपपत्ती मांडली, तीत थ्रॉम्बिनाच्या क्रियेने फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे फायब्रिनाच्या तंतूंत रूपांतर होणे ही मध्यवर्ती घटना होती. ही उपपत्ती मूलतः बरोबर होती. तथापि बिंबाणूंचे काम क्लथनास आवश्यक द्रव्ये पुरविण्यापुरतेच आहे, असा समज तीमुळे दृढ झाला. बिंबाणू स्वतःच एकमेकांना जोडून छिद्र बुजवितात आणि त्यासाठी त्यांच्या पृष्ठावर विशिष्ट प्रथिन असावे लागते, ही कल्पना रुजण्यास बराच काळ जावा लागला.

ग्लान्समान यांचे निरीक्षण : स्विस बालरोगतज्ञ एडूआर्ट ग्लान्समान (१८८७–१९५९) यांनी १९१८ मध्ये एका आनुवंशिक रक्तस्रावी विकाराचे वर्णन केले. या रुग्णांचा घोळणा वारंवार फुटे, हिरड्यांतून रक्त येई, त्वचेखाली जांभळे डाग पडत आणि लहानशा जखमेतूनही रक्त दीर्घकाळ वाहत राही. बिंबाणूंची संख्या मात्र कमी नसे. ग्लान्समान यांनी त्यांचे रक्त काचेच्या नळीत साकळू दिले, तेव्हा त्यांना एक महत्त्वाचा फरक आढळला. निरोगी रक्ताची गुठळी काही वेळाने आकसते व तिच्याभोवती स्वच्छ पिवळसर रक्तरस जमतो. या रुग्णांच्या रक्ताची गुठळी तशी आकसत नव्हती. यावरून दोष बिंबाणूंच्या संख्येत नसून त्यांच्या सामर्थ्यात आहे, असे अनुमान त्यांनी केले व विकारास ‘थ्रॉम्बॅस्थेनिया’ म्हणजे बिंबाणु-दौर्बल्य असे नाव दिले. आज हा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. साध्या काचेच्या नळीतील हे निरीक्षण प्रथिनाच्या शोधाचे पहिले पाऊल ठरले.

झां बेर्नार व झां-प्येर सूलिये या फ्रेंच वैद्यांनी १९४८ मध्ये दुसऱ्या एका आनुवंशिक विकाराची माहिती प्रसिद्ध केली. त्यात बिंबाणू संख्येने कमी व आकाराने फार मोठे असतात. हे दोन विकार पुढे एकमेकांशी ताडून पाहता आले आणि बिंबाणूंच्या कार्याचे दोन टप्पे स्वतंत्रपणे समजले : पहिला, वाहिनीच्या भित्तीला चिकटण्याचा व दुसरा, एकमेकांना जोडले जाण्याचा.

बिंबाणूंच्या समूहनाचे मापन करण्याची सोपी रीत गुस्टाफ बॉर्न यांनी १९६२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली. बिंबाणूयुक्त रक्तद्रव गढूळ दिसतो. त्यात ॲडिनोसीन डायफॉस्फेट हे द्रव्य घातले की बिंबाणूंचे पुंजके बनतात आणि द्रवातून अधिक प्रकाश आरपार जाऊ लागतो. या प्रकाशाची नोंद केली की समूहन मोजता येते. थ्रॉम्बॅस्थेनियाच्या रुग्णांचे बिंबाणू अशा चाचणीत मुळीच एकत्र येत नाहीत, हे लक्षात आले. झाक कां व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये अशा १५ रुग्णांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केल्यावर या विकाराचे स्वरूप निश्चित झाले.

प्रथिनाची ओळख : कोशिकांच्या पटलातील प्रथिने विद्युत् संचारणाने (विद्युत् क्षेत्रात रेणूंच्या सरकण्याच्या वेगावरून त्यांना अलग करण्याच्या पद्धतीने) वेगळी करण्याचे तंत्र १९७० च्या सुमारास प्रगत झाले. जेलच्या पट्टीवर जे ग्लायकोप्रथिनांचे पट्टे उमटत, त्यांना रेणुभारानुसार वरून खाली क्रमांक देण्यात आले. ‘२ब’ व ‘३अ’ ही नावे अशीच पडली. त्यांचा कार्याशी संबंध नाही. ॲलन नर्डन आणि झाक कां यांनी १९७४ मध्ये पॅरिस येथून असे प्रसिद्ध केले की, थ्रॉम्बॅस्थेनियाच्या रुग्णांच्या बिंबाणूंत यांपैकी एक पट्टा फार क्षीण असतो. बेर्नार-सूलिये विकारात निराळ्याच, म्हणजे ‘१ब’ या ग्लायकोप्रथिनाची न्यूनता असते, हेही त्यांनी १९७५ मध्ये दाखविले. डेव्हिड फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्याने १९७७ मध्ये अधिक सूक्ष्म तंत्र वापरून थ्रॉम्बॅस्थेनियात २ब व ३अ ही दोन्ही प्रथिने उणी असतात, असे सिद्ध केले. ही दोन प्रथिने एकमेकांशी निगडित असून त्यांची जोडी हाच एक कार्यकारी रेणू आहे, हे नंतर स्पष्ट झाले.

या प्रथिनाचे कार्य १९७९ च्या सुमारास उलगडले. उत्तेजित बिंबाणूंवर फायब्रिनोजेन बांधले जाते, विश्रांत बिंबाणूंवर नाही आणि थ्रॉम्बॅस्थेनियाच्या बिंबाणूंवर ते कधीच बांधले जात नाही, असे प्रयोगांती दिसून आले. म्हणजे २ब–३अ हे फायब्रिनोजेनाचे ग्राही होय. एरवी हा ग्राही वाकलेल्या, मिटलेल्या स्थितीत असतो. बिंबाणू उत्तेजित झाला की तो ताठ होऊन उघडतो. फायब्रिनोजेनाचा रेणू लांबट व दोन्ही टोकांना सारखा असल्यामुळे त्याचे एक टोक एका बिंबाणूला व दुसरे टोक शेजारच्या बिंबाणूला धरते. असे असंख्य पूल बांधले जाऊन बिंबाणूंचा घट्ट पुंजका तयार होतो. त्याभोवती फायब्रिनाच्या तंतूंचे जाळे विणले गेले की छिद्र पक्के बुजते. बिंबाणूंच्या आत आकुंचनशील प्रथिने असतात व त्यांचा ओढा याच ग्राहीमार्फत फायब्रिनाच्या तंतूंपर्यंत पोहोचतो. म्हणूनच निरोगी रक्ताची गुठळी आकसते. ग्लान्समान यांनी १९१८ मध्ये पाहिलेल्या गोष्टीचे कारण अशा रीतीने सहा दशकांनी कळले.

कोशिकांना परस्परांशी व सभोवारच्या द्रव्यांशी जोडणाऱ्या अशाच इतर ग्राहींचा पुढे शोध लागला व १९८६ मध्ये या प्रथिनकुलास ‘इंटिग्रिन’ असे नाव मिळाले. २ब–३अ यास या पद्धतीनुसार ‘आल्फा २ब–बीटा ३’ असे म्हणतात.

मुंबईतील समांतर संशोधन : कोशिकेच्या पृष्ठावरील एखाद्या घटकाच्या अभावावरून त्या घटकाचे ज्ञान होण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. य. म. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये तांबड्या कोशिकांवर ‘एच’ प्रतिजन नसलेल्या व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली. हाच पुढे जगभर ‘बाँबे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. या शोधातील एक सहकारी ह. म. भाटिया हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या रक्तगट संदर्भ केंद्राशी निगडित होते. परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारातील हे केंद्र पुढे प्रतिरक्षा-रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था बनले. रक्तस्रावी विकारांचे निदान हा या संस्थेच्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग असून बेर्नार-सूलिये विकाराच्या भारतीय रुग्णांतील जनुकीय दोषांचा शोध तेथील संशोधकांनी घेतला आहे.

आनुवंशिकता : २ब व ३अ यांची जनुके (जीन) १७ व्या रंगसूत्रावर आहेत. थ्रॉम्बॅस्थेनिया हा अप्रभावी आनुवंशिक विकार आहे. म्हणजे आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच तो होतो. एकच सदोष जनुक असणाऱ्या व्यक्तीच्या बिंबाणूंवर प्रथिनाचे प्रमाण सुमारे निम्मे असते, पण तेवढे पुरेसे असल्यामुळे तिला त्रास होत नाही. दोन वाहक व्यक्तींच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता एकचतुर्थांश असते. हीमोफिलिया मुख्यतः मुलग्यांत आढळतो. हा विकार मुलगे व मुली यांना सारखाच होतो. मुलींच्या बाबतीत पहिल्या रजःस्रावाच्या वेळी अतिरक्तस्राव होऊन जिवास धोका संभवतो.

जेथे नात्यात विवाह होतात तेथे असे विकार तुलनेने अधिक आढळतात, कारण नातेवाइकांत एकाच पूर्वजाकडून आलेले सदोष जनुक असण्याचा संभव जास्त असतो. इराकी ज्यू, अरब व फ्रान्समधील भटक्या जमाती यांच्यातील रुग्णकुटुंबे प्रसिद्ध आहेत. दक्षिण भारतातील १५ परस्परअसंबंधित रुग्णांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० नवीन जनुकीय दोष आढळले. महाराष्ट्र हा आप्तसंबंधांच्या दृष्टीने उत्तर व दक्षिण भारत यांच्या सीमेवरील प्रदेश आहे, हे इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांतील समाजांत परंपरेने मान्य आहे. अशा विवाहांतील बहुसंख्य अपत्ये निरोगी असतात. मात्र घरात एखाद्या मुलास किंवा मुलीस असा विकार असल्यास पुढील विवाहापूर्वी तज्ञांचा सल्ला घेणे हितावह ठरते.

फुरशाचे विष : महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी सापांपैकी (नाग, मण्यार, घोणस व फुरसे) फुरसे हा आकाराने सर्वांत लहान असून तो खडकाळ, कोरड्या मुलखात व माळरानावर राहतो. अंगावरील करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून तो खरखर असा आवाज करतो. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, तो इतका विपुल होता की एकोणिसाव्या शतकात त्याला मारण्यासाठी सरकारी बक्षिसे दिली जात. बहुगुणी सर्पविषरोधी रक्तरसात या चारही सापांच्या विषाविरुद्धचे प्रतिपिंड असतात.

फुरशाच्या दंशात मुख्य अपाय रक्तक्लथनावर होतो. विषातील एंझाइमामुळे रक्तातील प्रोथ्रॉम्बिन भराभर थ्रॉम्बिनात बदलते, फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि उरलेले रक्त साकळेनासे होते. हिरड्यांतून, लघवीवाटे व जुन्या जखमांतून रक्त येऊ लागते. याच विषात एक्किस्टॅटिन नावाचे ४९ ॲमिनो अम्लांचे छोटे प्रथिन आढळल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. दंशानंतरच्या रक्तस्रावाचे ते प्रमुख कारण नव्हे. परंतु ते २ब–३अ ग्राहीवर बसून फायब्रिनोजेनाची जागा अडविते व बिंबाणूंचे समूहन थांबविते. आर्जिनीन, ग्लायसीन व ॲस्पार्टिक अम्ल या तीन ॲमिनो अम्लांचा क्रम त्यात असतो. ग्राही हा क्रम ओळखतो, हे १९८४ पासूनच्या संशोधनाने ज्ञात झाले होते. आनुवंशिक विकारात जन्मतः जे घडते, तेच हे द्रव्य निरोगी बिंबाणूंत काही काळापुरते घडवून आणते.

औषधे : हृद्‌रोहिणीत बिंबाणूंचा पुंजका अडकणे हे हृदयविकाराच्या झटक्याचे एक मुख्य कारण असते. त्यामुळे २ब–३अ तात्पुरते रोखता आले, तर ते उपयोगी पडेल, हा विचार पुढे आला. बॅरी कोलर यांनी १९८० नंतरच्या दशकात या ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. त्यांतूनच ॲब्सिक्सिमॅब हे औषध बनले व १९९४ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. एक्किस्टॅटिनच्या रचनेचा आधार घेऊन टिरोफिबान आणि अमेरिकेतील एका खुळखुळ्या सापाच्या विषातील प्रथिनावरून एप्टिफिबाटाइड अशी दोन औषधे तयार झाली. त्यांना १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ती शिरेतून देतात व हृद्‌रोहिणीत फुगा घालून मार्ग मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेत निवडक रुग्णांत वापरतात. तोंडाने घेण्याजोगी तशीच औषधे मात्र २००० च्या सुमारास झालेल्या मोठ्या चाचण्यांत अपायकारक ठरल्याने सोडून द्यावी लागली. ग्राहीचा फायब्रिनोजेन धरणारा भाग व त्यावर बसलेली औषधे यांची त्रिमितीय रचना २००४ मध्ये स्फटिक-अभ्यासाने उघड झाली.

जालना व मराठवाडा : १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेला जालना जिल्हा हा कोरडवाहू शेतीचा, लहान गावांचा प्रदेश आहे. भोकरदन तालुक्यातील देहेड येथे जन्मलेले वैद्य हिंमतराव बावस्कर यांनी महाड (जि. रायगड) येथे विंचूदंश व सर्पदंश यांवर केलेले संशोधन सर्वज्ञात आहे. मराठवाड्यातच मुखेड (जि. नांदेड) येथील वैद्य दिलीप पुंडे यांनी ग्रामीण सर्पदंशावरील आपला दहा वर्षांचा अनुभव २००५ मध्ये प्रसिद्ध केला. अशा ठिकाणी विषामुळे रक्त साकळत नसल्याचे निदान साध्या चाचणीने करतात : सुमारे २ मिलि. रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात व नंतर नळी कलती करतात. रक्त वाहिले तर विषरोधी रक्तरस द्यावयास हवा, असे समजतात.

थ्रॉम्बॅस्थेनियाचा रुग्ण मात्र या चाचणीत सापडत नाही. त्याचे रक्त साकळते. केवळ गुठळी आकसत नाही. बिंबाणूंची संख्या व रक्तद्रवाच्या नेहमीच्या क्लथन-चाचण्याही प्राकृत येतात. परिणामी ‘तपासणीत काही दोष नाही’ असे सांगून अशा मुलांना परत पाठविले जाण्याचा व मुलीच्या अतिरक्तस्रावाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. वस्तुतः संशय येण्यास महागडी साधने लागत नाहीत. बोटातून काढलेल्या रक्ताचा थेंब कोणतेही क्लथनरोधी द्रव्य न मिसळता थेट काचपट्टीवर पसरला की निरोगी रक्तात बिंबाणूंचे पुंजके दिसतात. या विकारात ते सुटेसुटे विखुरलेले असतात. बेर्नार-सूलिये विकारात त्याच पट्टीवर मोठ्या आकाराचे बिंबाणू दिसतात. जेथे सूक्ष्मदर्शक आहे, अशा तालुक्याच्या दवाखान्यातही हे करता येते. निश्चित निदानासाठी समूहन-मापन व प्रतिपिंडांच्या साहाय्याने पृष्ठ-प्रथिनांची मोजणी करावी लागते आणि ही सोय मोठ्या शहरांतील संस्थांतच असते.

उपचारांत स्थानिक दाब देणे, ट्रॅनेक्झॅमिक अम्ल, हिरड्यांची निगा, लोहाची पूर्ती व ॲस्पिरिनसारखी औषधे टाळणे यांचा समावेश होतो. मोठ्या रक्तस्रावात बिंबाणूंचे आधान करावे लागते. संकलित बिंबाणू २० ते २४° से. तापमानात व सतत हलवीत ठेवून साधारणतः पाच दिवसच टिकतात, म्हणून ते लहान गावी साठविता येत नाहीत. जालन्याच्या खेड्यातील रुग्णास अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा सुमारे ६० किमी. अंतरावरील छत्रपती संभाजीनगर येथे (पूर्वीचे औरंगाबाद) जावे लागते; तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासूनचे आहे. वारंवार आधान केल्यास रुग्णाच्या शरीरात या अपरिचित प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊन पुढील आधान निष्फळ ठरू शकते. त्यामुळे ते जपून करावे लागते. अशा रुग्णांसाठी क्रियाशील सातवा क्लथन-घटक हे औषध यूरोपात २००४ मध्ये व अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाले, परंतु ते अतिशय महाग आहे. अस्थिमज्जा-प्रतिरोपणाने काही रुग्ण पूर्ण बरे झाले आहेत.

या प्रथिनाच्या ज्ञानाचा लाभ हृद्‌रोगाच्या रुग्णांना पुष्कळ झाला. ज्यांच्या विकारातून ते ज्ञान मिळाले, त्या रक्तस्रावी रुग्णांना त्या मानाने कमी झाला. ही तफावत काही अंशी तरी वेळीच निदान करून भरून काढता येण्याजोगी आहे. बिंबाणूंची संख्या पुरेशी असणे म्हणजे ते कार्यक्षम असणे नव्हे, हा ग्लान्समान यांच्या निरीक्षणाचा मथितार्थ आजही तितकाच लागू आहे.